गोमुखाहून आलेली पाहुणी

"आल्या, आल्या! पाव्हण्या आल्या!"

चंद्राक्का जिन्याखालूनच ओरडली. तिच्या मागोमाग वाचनालयाचा लाकडी जिना असा काही धडधडला की खाली पेपर वाचत बसलेले दोन पेन्शनर टेबलाखाली शिरले. खोटं नाही सांगत. त्यातला एक तर संध्याकाळी कुलूप लावताना सापडला.

मी स्टेजवर उभी होते. स्टेज म्हणजे काय, दोन लाकडी कॉट एकमेकींना चिकटवलेल्या, वर सतरंजी, सतरंजीवर टेबल, टेबलावर शाई सांडलेला टेबलक्लॉथ आणि डाग झाकायला तांब्या. माझ्या हातात पाहुण्यांच्या परिचयाचा कागद होता. समोर गडहिंग्लजच्या साठ-सत्तर बायका, कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या मांडीवर निवडायचे तांदूळ.

आधी दिसली ती काठी. मग काठी धरलेला हात. मग पांढरट लुगडं, गळ्यात झेंडूचा हार, खांद्याला कापडी पिशवी. शेवटच्या पायरीवर पाहुण्यांनी दम खाल्ला, पदरानं तोंड पुसलं आणि वर बघितलं.

ती माझी आई होती.

दहा-अकरा वर्षांनी दिसत होती. माझ्याकडे बघितलंन आणि डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाहीन. चंद्राक्कानं हाताला धरून तिला स्टेजवर आणलं, मधल्या खुर्चीत बसवलं, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काय साधी बाई आहे गं! हिमालय चढून आली, पण मघाशी रिक्षाला भ्याली."

आता थोडं मागचं सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारीनं मधूनच सुरू केलं.

आमचं बुधवार मंडळ. दर बुधवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या माडीवर कुणीतरी पाहुणा येऊन बोलायचा आणि आम्ही बायकांनी ऐकायचं. मधमाश्या पाळणारे येऊन गेले, दातांचे डॉक्टर येऊन गेले, पोस्टमास्तर येऊन गेले. दातांच्या डॉक्टरांनी तर अशी काही भीती घातली की महिनाभर गावात शेंगदाण्याची चिक्की खपली नाही. मंडळ काढलं मगदूमबाईंनी. मुलींच्या शाळेच्या त्या रिटायर हेडमास्तरीण. आवाज असा, की त्या "शांत बसा" म्हणाल्या की चौकात एसटी थांबायची. ड्रायव्हरला वाटायचं, आपल्यालाच सांगितलं.

पाहुण्यांचा परिचय करून द्यायचं काम माझ्याकडे. का, तर मला बोलता यायचं. जरा जास्तच यायचं. मधमाश्यावाल्यांचा परिचय करून देताना मी सांगितलं होतं की हे गृहस्थ उशाला पोळं घेऊन झोपतात आणि यांची बायको त्यामुळे माहेरी असते. बायको पहिल्या रांगेत बसली होती. तेव्हापासून मगदूमबाईंचा हुकूम होता: "कुंदा, कागदावर असेल तेवढंच. एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

आणि माहेरचं कुणी विचारलं की मंडळात मी काय सांगायची ठाऊक आहे? सांगायची, माझं माहेर शिरोडं, समुद्राच्या काठी, आणि माझ्या आईला लाटेनं नेलं. आई मागच्या दारी चुलीवर पेज ठेवून बसली होती, एवढी माडाएवढी लाट आली आणि आईला, चुलीला, पेजेच्या मडक्याला उचलून घेऊन गेली. मडकं तेवढं नंतर वेंगुर्ल्याला सापडलं, पेज अजून गरम होती. बायका हळहळायच्या. विमल पोतदार तर दर वेळी डोळे पुसायची.

खरं काय ते सांगण्यापेक्षा लाट बरी वाटायची. खरं असं, की आमचे हे एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. वेंगुर्ला डेपोला होते. जात वेगळी. आमचं जमलं, आणि बाबांनी अंगणात उभं राहून सांगितलं, गेलीस तर या घरात तुझं नाव कुणी काढायचं नाही. मी गेले. आई आत चुलीपाशी उभी होती. बाहेर आली नाही, बोलली नाही. पुढे यांची बदली गडहिंग्लजला झाली, घाट मध्ये आला. आदल्या वर्षी बाबा गेले. मला कळलं ते तेरावं उरकल्यावर, चुलतभावाकडून. त्यालाच मी निरोप दिला: आईला सांग, आता माझ्या दारात येऊ नको म्हणावं.

निरोप पोचला होता. तरीसुद्धा ती समोर बसली होती. झेंडूच्या हारासकट.

झालं होतं काय, ते माझ्या लगेच ध्यानात आलं. त्या दिवशीच्या पाहुण्या म्हणजे कोल्हापूरच्या कुमुदिनीबाई राजोपाध्ये. एकट्या हिमालयात गोमुखापर्यंत चालत जाऊन आलेल्या. कुणी त्यांना पाहिलेलं नव्हतं. त्यांनी कळवलं होतं की ओळखायची खूण म्हणजे हातात काठी असेल, तीच हिमालयातली. कोल्हापूरची गाडी आली नाही, सावंतवाडीची आली. तिच्यातून एक काठीवाली म्हातारी उतरली आणि चंद्राक्कानं तिच्या गळ्यात हार घातला. कपाळ मोकळं दिसलं, पण चंद्राक्काचा हिशेब सोपा: शिकलेल्या बायकांचं काही सांगता येत नाही.

"कुंदा, सुरू कर," मगदूमबाई म्हणाल्या.

काय करू? 'बायांनो, ही पाहुणी नव्हे, ही माझी आई,' म्हणू? मग लाटेचं काय? आणि म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं, मीच तिला येऊ नको म्हटलेलं. माझ्या मनात राग होताच, चुलीवरच्या दुधासारखा वर चढत होता. म्हटलं, बघू या ही काय करते. कागद धरला आणि वाचायला लागले.

"आजच्या आपल्या पाहुण्या मूळच्या कोल्हापूरच्या."

आईनं मान डोलावली.

"त्यांनी एम. ए. बी. टी. पदव्या मिळवल्या."

आईनं पुन्हा मान डोलावली. चौथीत शाळा सुटलेली बाई, पण अशी डोलावलीन की जशी काय पदवी पिशवीत आहे, मागितली तर काढून दाखवीन.

"त्यांना इंग्रजी, संस्कृत आणि बंगाली या भाषा अवगत आहेत."

इथे मात्र तिनं हात वर करून 'थोडीथोडी' अशी खूण केली. बायका कौतुकानं हसल्या. काय नम्रपणा!

पुढची ओळ आली आणि मी अडखळले. कागदावर लिहिलं होतं: 'त्या अविवाहित राहिल्या.'

वाचणं भाग होतं. आईसमोर उभं राहून, तिच्या डोळ्यांत बघून मी वाचलं, "त्यांनी लग्न केलं नाही. संसारात न अडकता आयुष्य ज्ञानाला वाहिलं."

आईनं माझ्याकडे बघितलं. एक भुवई वर गेली. मला ती भुवई पाठ होती. लहानपणी शेजारची काकू काही फेकायला लागली की आईची ती भुवई वर जायची आणि आम्ही दोघी हसू दाबायला मागच्या दारी पळायचो. माझ्या पोटातून हसू असं काही वर आलं की मी कागदात तोंड घातलं. बायकांना वाटलं, मी गहिवरले. विमलनं लगेच पदर डोळ्यांना लावला.

"आता पाहुण्यांनी बोलावं," म्हटलं आणि खाली बसले. म्हटलं, आता बघू. आता काय करशील?

आई काठी टेकून उभी राहिली. हार काढून टेबलावर ठेवला. तिनं कधी चार माणसांत तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. घसा खाकरलान आणि शाळेतल्या धड्यासारखं ठेवणीतलं मराठी काढलंन.

"नमस्कार. हिमालय लांब आहे."

बायका वाट बघत राहिल्या.

"लांब म्हणजे किती, ते मैलांत सांगता येत नाही. बाईमाणसाला कुणीतरी जा म्हणावं लागतं. तसं कुणी म्हणालं नाही, तर चुलीपासून अंगणसुद्धा लांब. दहा-दहा वर्षं पोचता येत नाही."

चंद्राक्का "व्हय की वो" म्हणाली. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

"तर मी गेले. तिथे बर्फ आहे. बर्फ कसा? सगळीकडे पांढरं, ऊन पडलं की डोळे दिपतात. अनवाणी चाललं की टाचेच्या भेगांत जातो आणि अशी आग होते, अशी आग होते की रात्री खोबरेल लावून बसावं लागतं."

"बर्फाची आग होते?" तांदूळ निवडणारी एक जण म्हणाली.

"होते तर! तिथली माणसं पहाटे उठतात, हातात लांब दांड्याच्या फळ्या घेतात आणि बर्फ ओढून ओढून ढीग घालतात. केवढे ढीग, देवळाएवढे! आणि पाऊस यायच्या आत वर माडाची झावळं झाकतात. नाहीतर सगळं विरघळून जाईल."

आता शिरोड्याचं मिठागर ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. आमचं घर मिठागराला लागून होतं. आई आणि मी उन्हाळ्यात तिथे मीठ ओढायला जायचो. हिमालयाचा म्हणून ती जो बर्फ सांगत होती, तो आमच्या दारातला होता. तिनं झावळं म्हटलं तेव्हा मला त्या झावळांचा ओला वास आला.

आणि बरोबर तेव्हाच जिन्याच्या तोंडाशी एक बाई आली. पायात कॅनव्हासचे बूट, पाठीवर सॅक, केसांवर लाल धूळ आणि हातात काठी. काठीच्या टोकाला लोखंडी अणी. तिनं दारापाशी उभं राहून दोन वाक्यं ऐकली असतील नसतील, तिच्या लक्षात आलं. ती एवढंच म्हणती, "अहो, मी कुमुदिनी राजोपाध्ये," की झालं. आईला या बायकांसमोर मान खाली घालून तो जिना उतरावा लागला असता, साडेसहाची सावंतवाडीची गाडी तिनं धरली असती आणि पुन्हा ती या घाटावर आली नसती. हे मला लख्ख दिसलं, आणि तेव्हाच पहिल्यांदा वाटलं, की ती जाऊ नये.

पण ती बाई बोलली नाही. मागच्या बाकावर टेकली, काठी मांडीवर आडवी घेतली आणि ऐकायला लागली. हिमालयात झावळं आहेत हे कळल्यावर तिनं पदर तोंडाशी धरला तो खाली घेतलाच नाही.

मगदूमबाईंना शंका आली असावी. शास्त्राच्या शिक्षिका त्या. म्हणाल्या, "तिथलं तापमान साधारण किती असतं?"

आई जरासुद्धा थांबली नाही.

"बाई, तापमान मोजायला एक साहेब वर गेलेला. पारा जो खाली उतरायला लागला तो थांबेचना. तो साहेब अजून तिथे बसलाय, पारा परत वर येईल म्हणून वाट बघत. मी त्याला चहा देऊन आले."

सगळी माडी हसून हसून आडवी झाली. मगदूमबाईसुद्धा हसल्या, आणि मगदूमबाई हसल्या तर दुसऱ्या दिवशी गावात तीच बातमी असायची. मी मात्र आईकडे बघत राहिले होते. माझं हे बोलणं, हे रंगवणं, लोक म्हणायचे कुंदे, तुला हे सुचतं कुठून? मला वाटायचं, माझं मलाच. बाबांच्या घरात आई कधी बोललीच नव्हती, मला कळणार कुठून?

हसणं ओसरल्यावर तिनं आवाज खाली आणला.

"तिथे वर एक बाई राहते. तिची मुलगी डोंगर ओलांडून पलीकडे गेली. घरधन्यानं शपथ घातली, घरात तिचं नाव काढायचं नाही. नवऱ्याची शपथ, मोडणार कशी? पण आईला तोंड आहे ना, त्या तोंडाला नाव घ्यायची सवय आहे ना? मग त्याच साली गाय व्याली, कालवड झाली. बाईनं कालवडीला मुलीचं नाव ठेवलं. आता गुराला तर हाक मारायलाच हवी! सकाळी सोडताना हाक, दुपारी पाण्याला हाक, संध्याकाळी तर काय, बांधावर उभं राहून गाव ऐकेल अशी हाक. घरधनी ओसरीवर बसून ऐकायचा. कळायचं त्याला. पण गुराला नाव ठेवू नको असं कुठे शपथेत होतं?"

"मग?" विमल म्हणाली. तिचा पदर भिजला होता.

"मग काय. घरधनी गेला. शपथ सुटली. पण तोवर मुलगी रागावली."

"नाव काय त्या कालवडीचं?"

आईनं काठी या हातातून त्या हातात घेतली. "विसरले मी," म्हणाली, आणि बसली.

टाळ्या इतक्या पडल्या की खालच्या पेन्शनरांनी छपराकडे बघत छत्र्या उघडल्या. मगदूमबाई म्हणाल्या, "कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा." आणि मागच्या बाकावरून ती बूटवाली बाई उभी राहिली.

मी अर्धवट उठले.

"मीही थोडीफार फिरलेय त्या भागात," ती म्हणाली. आवाज शांत होता. "ताईंनी सांगितलं तसंच आहे सगळं. झावळं मी पाहिली नाहीत, ती पलीकडच्या बाजूला असतील. मला एवढंच विचारायचंय, इतक्या लांबून खाली उतरल्यावर तुम्ही आधी कुणाकडे गेलात?"

आईनं तिच्या हातातली अणीची काठी बघितली. मग स्वतःची. सगळं उमगलं तिला. तरी उठून उभी राहिली.

"खाली उतरून सरळ इथेच आले. मला माझ्या मुलीकडे जायचं आहे. पण ती घेईल की नाही, ठाऊक नाही."

"अविवाहित ना वो ह्या?" कुणीतरी कुजबुजलं.

मगदूमबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नुसतीच मान हलवली, ओटी भर म्हणून. आमच्या मंडळाचा तसा रिवाज होता. पाहुणी बाई असली की परिचय करून देणारीनं शेवटी तिची ओटी भरायची. आणि ती सवाष्ण आहे का, विधवा आहे का, कुमारिका आहे का, हे विचारायचं नाही. मगदूमबाई स्वतः विसाव्या वर्षी विधवा झालेल्या. नियम त्यांनीच केला होता आणि एकदा या नियमावरून दोन बायका मंडळ सोडून गेल्या तरी त्यांनी बदलला नव्हता.

मी सुपातला खण-नारळ उचलला. आईसमोर गेले. ती एकदम मागे सरली, खुर्चीला अडखळली. ठेवणीतलं मराठी गळून पडलं.

"नको गो," ती पुटपुटली. "आता माका चलत नाय."

"इथे चालतं," मी म्हटलं. तिच्याशी बोललेला दहा-अकरा वर्षांतला हा माझा पहिला शब्द. "पदर धर."

तिनं पदर धरला. मी खण घातला, नारळ घातला, तांदळाची ओंजळ घातली. तिच्या पदराला चुलीच्या धुराचा वास होता. तोच. मला वाटलं, आता ही मान लववेल आणि जाईल. पण ती गेली नाही. कापडी पिशवीत हात घातलान आणि एक खण काढलान. हिरवा होता कधीकाळी. घड्यांवर पार पिवळा पडला होता. कधी घेतलेला असेल, ते मला विचारावं लागलं नाही.

"आता तू धर पदर," ती म्हणाली. मग थबकली, सगळ्या बायकांकडे बघितलंन. "पण माझ्या हातानं... आता चलत नाय म्हणतत."

"चालतं!" मगदूमबाई गरजल्या. काय चाललंय हे त्यांना काडीचं कळलं नव्हतं, पण नियम म्हणजे नियम. "भरा हो तुम्ही! या मंडळात सगळं चालतं!"

बाहेर चौकात एसटी थांबली.

मी पदर धरला. आईनं तो पिवळा पडलेला खण माझ्या ओटीत घातला, वर मी दिलेला नारळ घातला, तांदूळ घातले. मग माझ्या कानशिलांवरून हात फिरवून बोटं मोडलीन. कडाकड सगळी.

मगदूमबाई हळूच म्हणाल्या, "कुंदा, या आहेत तरी कोण?"

"माझी आई," मी म्हटलं.

मग चंद्राक्का छातीवर हात ठेवून उभी राहिली. "अगं बाई! पण तिला लाटेनं नेलं होतं ना गं?"

आईनं माझ्याकडे बघितलं, चंद्राक्काकडे बघितलं. ती भुवई वर गेली.

"नेलं होतं हो," आई म्हणाली. "पण परत आणून सोडलंन."

"आणि चूल?" विमलनं विचारलं.

"चूल गेली. नवी घातली."

हसावं की रडावं कुणाला कळेना, म्हणून बायकांनी दोन्ही केलं. त्या गडबडीत मागची बूटवाली बाई पुढे आली, मगदूमबाईंना नमस्कार केलान आणि म्हणाली, "मी कुमुदिनी राजोपाध्ये. गाडी कागलला पंक्चर झाली. माझी काही घाई नाही, मी पुढच्या बुधवारी येईन."

आल्याही. सोबत फोटो आणले होते, नकाशा आणला होता. सगळं बरोबर होतं. बायका सभ्यपणानं ऐकत बसल्या, आणि जिना उतरताना चंद्राक्का म्हणाली, "पण मागल्या बुधवारचा हिमालय जास्त चांगला होता बाई."

त्या दिवशी साडेसहाची सावंतवाडीची गाडी आईशिवायच गेली. आम्ही दोघी घरी आलो. हे कामावरून आले, आईला बघितलं, काही विचारलं नाही, हात धुऊन चहा टाकला. एसटीतला माणूस, कुठली गाडी कधी पोचेल याचं त्याला नवल नसतं.

चहा पिताना मी विचारलं, "स्टँडवर हार घातला, तेव्हा तू सांगितलं का नाहीस, की मी नव्हे ती?"

आईनं बशीत फुंकर मारली. "सांगणार होतंय. पण ती चंद्राक्का बडबडत होती, आमची कुंदाताई तुमची ओळख करून देतली, शिरोड्याची आसा, लय झकास बोलता. म्हटलंय, चल तर मगे." बशी खाली ठेवलीन. "तुझ्या दारात इलंय असतंय तर दार लावलंस असतंस. थंय वर बसलेल्या पाव्हणीक कोण हाकलता?"

"आणि मी सांगून टाकलं असतं सगळ्यांना, तर?"

"तर सांगतलंस काय? माझी आई, असाच ना? तेवढाच ऐकूक इल्लंय."

मी उठून चुलीतलं लाकूड पुढे सारलं. चांगलं पेटलेलं होतं, तरी सारलं.

थोड्या वेळानं विचारलं, "ती कालवड खरीच आहे, की साहेबाच्या पाऱ्यासारखी?"

"तू येऊन बघ," आई म्हणाली.

आता माझी नातवंडं म्हणतात, आजी, यातलं खरं किती? पेन्शनर टेबलाखाली गेले का? एसटी थांबली का? मी म्हणते, तुम्हाला काय वजा करायचं ते करा. पण एक तेवढं वजा करू नका.

पुढच्या मे महिन्यात आम्ही शिरोड्याला गेलो. गाडीतून उतरून मिठागराच्या बांधावरून चालत निघालो. ऊन कलतं होतं, मिठाचे ढीग पांढरेफेक दिसत होते. आई दारात उभी होती. आम्हाला लांबूनच बघितलंन, कपाळाशी हात धरलान आणि बांधावर येऊन अख्खं गाव ऐकेल अशी हाक मारलीन, "कुंदाऽऽ! कुंदा गोऽऽ!"

मी "ओ" दिली. आणि माझ्या उजव्या हाताला, माडाखाली चरत असलेल्या एका म्हाताऱ्या तांबड्या गायीनं मान वर केली, घंटा वाजवली आणि माझ्या पुढे घराकडे चालायला लागली.

मी तिच्या मागून गेले. वाट तिला जास्त माहीत होती.